चौदा तिकिटांचा हिशेब

व्यापारी घराची सुट्टी शाळेच्या वेळापत्रकाने ठरत नाही, ती पंचांगाने ठरते. वर्षभर दुकानाची फळी रोज उघडते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजन झाले, की लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत मात्र ती मिटलेली राहते. याच चार-पाच दिवसांत भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, नातवंडांनी घर भरते आणि वडीलधाऱ्यांच्या मागे एकच लकडा लागतो, ‘आम्हाला कुठेतरी न्या.’ पूर्वी हे ‘कुठेतरी’ म्हणजे एखादे तीर्थ असे. आताच्या मुलांच्या मनात उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि अंधारातून धावणाऱ्या गाड्या असतात. वर्गातील एखादा मित्र थीम पार्कला जाऊन आलेला असतो आणि त्याच्या वर्णनाने घरातील मुलांची झोप उडालेली असते.

अडचण एवढीच, की जी फळी आपल्या दुकानाची मिटलेली असते, तीच त्या दिवशी गावोगावच्या हजार दुकानांचीही मिटलेली असते. सगळ्यांना सुट्टी एकाच वेळी मिळते, म्हणून सगळे एकाच फाटकाशी येऊन उभे राहतात. सहा वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचे चौदा जणांचे कुटुंब अशाच एका फाटकाशी उभे होते. सासरे, ज्यांना घरात सगळे बाबूजी म्हणतात, आणि सासूबाई. माझे यजमान व मी. धाकटे दीर व जाऊबाई. माहेरी आलेली नणंद व तिचे यजमान. आणि तिन्ही घरांची मिळून सहा मुले. चौदा तिकिटांची रक्कम दुकानातील एका माणसाच्या महिन्याच्या पगाराहून अधिक झाली. तिकिटे हाती येताच दीर मुलांना म्हणाले, “आता एक-एक रुपया वसूल करायचा.” सगळे हसले. त्या दिवशी आम्ही जे शिकलो, ते सारे या एका शब्दाभोवती फिरते.

ही ‘वसुली’ मुळात कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. वॉल्ट डिस्ने यांना अशा उद्यानाची कल्पना कशी सुचली, याची त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. ते आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून त्यांची वाट पाहत. मुले खेळतात आणि मोठी माणसे नुसती बसून राहतात, असे का असावे, दोघांनाही बरोबर रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर जन्मला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. प्रारंभी तेथे प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे असत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून खेळांच्या तिकिटांची पुस्तिका मिळू लागली आणि ती पद्धत १९८२ पर्यंत चालली. त्यानंतर एकदाच पैसे भरून दिवसभर हवे ते खेळ खेळण्याची पद्धत तेथे रुळली. आपल्याकडील मोठ्या उद्यानांतही आज बहुधा हीच रीत आहे.

व्यापारी माणसाला यातील फरक चटकन कळावा. पूर्वीच्या पद्धतीत जो खेळला, त्याचेच पैसे लागत. बाकावर बसलेल्या माणसाचे फारसे काही बुडत नसे. आजच्या पद्धतीत बाकावर बसलेली आजीही घोड्यावर बसलेल्या नातवाइतकेच किंवा सवलतीने थोडे कमी पैसे भरून बसलेली असते. आणि पैसे आधीच भरलेले असल्यामुळे उरलेले सगळे ‘जितके अधिक तितके बरे’ या एकाच सूत्राने धावू लागतात. पाय दुखले तरी आणखी एक खेळ, भूक लागली तरी आणखी एक रांग, मूल रडले तरी आणखी एक पाळणा. एकरकमी तिकीट हे असे माल उचलण्याचे आमंत्रण आहे, ज्यात वखार मोठी आणि उचलणाऱ्याचे खांदे मर्यादित असतात.

त्या दिवशी आम्ही नगरहून पहाटे चारला निघालो. सासूबाईंचे चौविहार आणि नवकारसी हे गेल्या चाळीस वर्षांचे नियम. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. आणि सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही. त्यामुळे साडेसातच्या सुमारास रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आम्ही थर्मासमधील उकळलेले पाणी आणि खाखरे काढले. दिवस चातुर्मासाचे, म्हणून डब्यांत पालेभाजी नव्हती. पुऱ्या, गट्ट्यांची भाजी आणि सुकी मूगडाळ होती. दहाला उद्यानाशी पोहोचलो, तेव्हा कळले की बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. हा नियम बहुतेक उद्यानांत असतो. तान्ह्या बाळाचे अन्न आणि औषधे यांना सवलत मिळते. गट्ट्यांच्या भाजीला मिळत नाही. डबे गाडीत राहिले आणि गाडी फाटकापासून चांगल्या वीस मिनिटांच्या अंतरावर.

आत मोठ्या खेळांपुढे फलक होते : येथून एक तास, येथून दीड तास. रांग मोठी असली, तरी ती वळणावळणाने फिरवलेली असल्यामुळे समोर थोडीच माणसे दिसतात आणि प्रत्येक वळणावर ‘आता आलेच’ असे वाटते. वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यातील निरीक्षणे सेवा-व्यवसायात आजही सांगितली जातात. रिकामे बसून काढलेला वेळ कामात काढलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो, किती थांबायचे हे ठाऊक नसले तर तो अधिक लांब वाटतो, आणि एकट्याने थांबणे हे चौघांसोबत थांबण्यापेक्षा जड जाते. ज्यांनी अडत बाजारात लिलावाची वाट पाहिली आहे, त्यांना हे निबंध न वाचताही पटेल. मुलांनी पहिल्या रांगेत अंत्याक्षरी सुरू केली, तेव्हा तास कसा गेला हे कळले नाही. तिसऱ्या रांगेत कोणालाच गाणे सुचेना.

त्याच तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी जाऊबाईंच्या धाकट्या मुलाला थांबवण्यात आले. तेथे उंची मोजण्याची पट्टी होती आणि तो खुणेपेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरला. सात वर्षांचा मुलगा. पंचावन्न मिनिटे रांगेत उभा राहिलेला. मोठा भाऊ पुढे गेलेला. त्याने जो आकांत मांडला, तो आजूबाजूच्या साऱ्या रांगेने ऐकला. दीर तेथील तरुण कर्मचाऱ्याला समजावू लागले, की दोन सेंटिमीटर म्हणजे बुटाचा तळवा. तो नम्रपणे ‘नाही’ म्हणत राहिला, आणि त्याचे ते नाही म्हणणे योग्यच होते. खेळाच्या आसनावरचा अडसर ठरावीक आकाराच्या शरीरासाठी बनवलेला असतो. अंग लहान असेल तर वेगाच्या वळणावर ते त्या अडसराखालून निसटू शकते. ती पट्टी मुलाचा अपमान करण्यासाठी नसते, ती त्याच्या जिवाची राखण करते. पण हे सात वर्षांच्या मुलाला रांगेच्या शेवटी समजावणे आणि घरी दाराच्या चौकटीपाशी उभे करून समजावणे, यांत फार अंतर आहे. जाऊबाई त्याला घेऊन रांगेतून बाहेर पडल्या. त्यांचाही तो खेळ राहिला.

दुपारी जेवणाच्या ठिकाणी ‘जैन’ असे लिहिलेले पदार्थ होते. विचारल्यावर लक्षात आले, की अनेक ठिकाणी या शब्दाचा अर्थ ‘कांदा-लसूण नाही’ एवढाच घेतला जातो. बटाटा असतो, गाजर असते, वाटणात ओले आले असते. वाढणारा मुलगा लबाड नसतो. त्याला सांगणाऱ्याने तेवढेच सांगितलेले असते. म्हणून ‘जैन आहे का?’ असे न विचारता ‘यात बटाटा, गाजर, आले आहे का?’ असे एक-एक नाव घेऊन विचारावे. सासूबाईंनी त्या दुपारी फळे घेतली आणि थोडे ताक. पाणी तर त्या जवळजवळ प्यायल्याच नाहीत. त्याचे कारण कोणाला सांगितले नाही, पण मला ते ठाऊक होते. गुडघे दुखतात, प्रसाधनगृह लांब आहे, आणि आपल्यासाठी कोणाला सोबत यावे लागले तर त्याची रांग मोडेल. आमच्या पिढीच्या कित्येक सासूबाई बाहेरगावी याच हिशेबाने तहान मारत असतील.

येथे डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसाची गोष्ट आठवते. त्या दिवशी कडक ऊन होते. खोटी निमंत्रणपत्रे करून कितीतरी लोक आत शिरले होते आणि ताजे डांबर इतके मऊ पडले होते, की स्त्रियांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे एकतर स्वच्छतागृहे सुरू करता येत होती किंवा पिण्याच्या पाण्याचे नळ. स्वच्छतागृहे निवडली गेली आणि लोक पाण्यासाठी तळमळले. ज्यांच्यापाशी पैसा होता, कल्पकता होती, हाताखाली माणसे होती, त्यांचाही पहिला दिवस पाण्यापाशी अडला. आमच्या सासूबाईंना त्या दिवशी तीच निवड एकटीने, मनातल्या मनात करावी लागत होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी सारे जण दिवसातील सर्वांत मोठ्या खेळाच्या रांगेत होते. मुलांनी या एका खेळासाठी सकाळपासून दम धरला होता. फलकावर एक तास लिहिलेले. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत आपल्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार म्हणजे सहाला जेवायला बसणे नव्हे. सहाच्या आत जेवून, पाणी पिऊन, चूळ भरून मोकळे होणे. डबे गाडीत आणि गाडी दूर. सासूबाई बाकावर सामानाच्या सात पिशव्या राखत बसल्या होत्या. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. मागितले काहीच नाही. मी रांगेतून बाहेर आले आणि त्यांना म्हटले, “चला आई, आपण जेवून घेऊ.” त्या म्हणाल्या, “तुझी रांग जाईल.” मी म्हटले, “रांग उद्याही असेल.”

फाटकापर्यंतची वाट सकाळी उतरणीची वाटली होती, ती परतताना चढणीची निघाली. त्या दर शंभर पावलांवर थांबत होत्या. गाडीपाशी आलो तेव्हा सहाला दहा मिनिटे उरली होती. दोन खाखरे, थोडी मूगडाळ आणि एक पेला पाणी, एवढेच त्यांच्या पोटात गेले. त्यांनी हात जोडून पच्चक्खाण घेतले, तेव्हा समोरच्या डोंगरावरचे ऊन सरले होते. उद्यानातून मुलांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

रात्री दहाच्या सुमारास, घर अजून दीड तास दूर असताना, त्यांना घेरी आली. हात गार पडले, कपाळाला घाम. गाडीतील तेराही माणसे एकदम गप्प झाली. पाण्याची बाटली सर्वांच्या हाताशी होती आणि ती पुढे करण्याचे धैर्य कोणालाच होईना. अखेर नणंदेने रडवेल्या आवाजात म्हटले, “आई, एक घोट. औषध म्हणून.” त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. बाबूजींनी त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेतले, खिडकी उघडली, आणि घर येईपर्यंत ते त्यांचे तळवे चोळत राहिले. सहा मुलांपैकी एकही झोपले नाही. सकाळी नवकारसीनंतर त्यांनी पाणी घेतले. डॉक्टर म्हणाले, की शरीरातील पाणी फार कमी झाले होते. या वयात असा दिवस पुन्हा होऊ देऊ नका. दोन दिवसांत त्यांना बरे वाटले. पण त्याच दिवशी त्या सर्वांसमोर म्हणाल्या, “यापुढे तुम्ही जात जा. मी घर राखीन. माझ्यापायी मुलांचा विरस नको.”

हे वाक्य बाबूजींना लागले. लाभपंचमीला दुकान उघडले. मुहूर्ताचे सौदे झाले. दुपारी त्यांनी एका कोऱ्या कागदावर चौदा नावे लिहिली आणि संध्याकाळी घरी येऊन मुलांना एकेक विचारत प्रत्येकापुढे आकडा मांडला : कोण किती खेळांत बसले. मोठ्या मुलांचे नऊ-नऊ, लहानांचे सहा-सात. दीर सात, माझे यजमान सहा, नणंद व तिचे यजमान प्रत्येकी पाच. बाबूजी स्वतः एक. जाऊबाई दोन. मी एक. सासूबाई शून्य. त्यांनी खाली रेघ मारली आणि धाकट्या मुलाला म्हणाले, “तू वसूल करायचा म्हणाला होतास. चौदांतली चार तिकिटे बुडीत खाती गेली. त्यांतली तीन घरातल्या बायकांची. आणि ज्यांची बुडाली, त्यांनीच पिशव्या सांभाळल्या, रडणारे मूल सांभाळले, वेळ सांभाळली. दुकानात असा हिशेब आला असता तर मुनीमजींना आपण काय विचारले असते?”

कोणी काही बोलले नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. मुले आनंदाने धावली, पुरुष त्यांच्यामागे धावले, आणि उरलेले काम नेहमीप्रमाणे आपोआप ज्यांच्याकडे जायचे त्यांच्याकडे गेले. ‘आपोआप’ हाच शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. घरात जी कामे आपोआप होतात असे वाटते, ती कोणीतरी करत असते. थीम पार्क हे आपल्या घराचेच एका दिवसात मावणारे लहान रूप असते. घरी वर्षभर जे दिसत नाही, ते तेथे दहा तासांत कागदावर उतरते.

चौदा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. सासूबाई तयार नव्हत्या. बाबूजी म्हणाले, “तू नसशील तर मीही नाही, आणि मग मुलांचेही जाणे नाही.” त्या मुलांसाठी तयार झाल्या. या वेळी दिवाळीची सुट्टी धरली नाही. जानेवारीतील मंगळवार निवडला. शाळेच्या संमेलनानंतरची सुट्टी होती आणि दुकान एक दिवस मुनीमजींवर सोपवले. एका दिवसाच्या विक्रीचे जे काही राहिले असेल, त्याच्या बदल्यात दीड तासाच्या रांगा वीस-पंचवीस मिनिटांवर आल्या. सुट्टीच्या दिवसांचे तिकीटही काही ठिकाणी अधिक असते, तो फरकही वाचला. आम्ही आदल्या रात्री जवळच मुक्काम केला, त्यामुळे पहाटेचा प्रवास टळला.

घरी आधीच दाराच्या चौकटीवर सहाही मुलांची उंची मोजली आणि उद्यानाच्या नियमांशी ताडून पाहिली. कोण कशात बसू शकेल, हे गाडीत बसण्यापूर्वीच ज्याचे त्याला कळले. धाकटा आता दोन नव्हे, पाच सेंटिमीटरने वाढला होता, आणि ती खूण त्याने पेन्सिलने स्वतः केली. प्रत्येक मुलाने आपले तीन आवडते खेळ कागदावर लिहिले. बाकीचे जमतील तसे. मुलांच्या खिशात घरच्या दोन फोन क्रमांकांची चिठ्ठी ठेवली आणि निघण्यापूर्वी सर्वांचे त्या दिवसाच्या कपड्यांतील छायाचित्र काढले. हरवल्यास शोधत फिरायचे नाही, जागेवर उभे राहायचे, हे पाठ करून घेतले. सुदैवाने त्याची गरज पडली नाही.

जेवणाविषयी चार दिवस आधी फोन केला होता. कोणत्या वस्तू चालत नाहीत, ते नावानिशी सांगितले. साडेअकराला, गर्दी होण्यापूर्वी, आम्ही जेवून घेतले. सासूबाईंसाठी चाकांची खुर्ची घेतली. प्रथम त्यांना ते अगदी अवघड वाटले, “लोक काय म्हणतील?” बाबूजी म्हणाले, “लोक रांगेत उभे आहेत, त्यांना तुझ्याकडे पाहायला वेळ नाही.” खुर्ची आल्यामुळे प्रसाधनगृहाचे अंतर राहिले नाही, आणि ते राहिले नाही म्हणून पाणी पिण्याची भीतीही राहिली नाही. सकाळपासून दर तासाला पेलाभर पाणी, हे काम त्यांच्या मोठ्या नातीने स्वतःकडे घेतले आणि ते चोखपणे केले.

सर्वांत मोठा बदल बाकाचा होता. दुकानात गल्ल्यावर बसण्याची पाळी असते, तशी बाबूजींनी पिशव्या राखण्याची पाळी लावली. आठ मोठी माणसे. सासूबाई सोडून सात. प्रत्येकाला एक तास. पहिली पाळी त्यांनी स्वतः घेतली, दुसरी दिरांना दिली. पाळी नसेल त्याने बाकावर रेंगाळायचे नाही, हाही नियम. काही उद्यानांत लहान मुलासोबत एक पालक थांबला, तर दुसरा परतल्यावर त्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. आम्ही विचारले, तेव्हा ती सोय तेथे मिळाली. अशी सोय फलकावर लिहिलेली असेलच असे नाही, म्हणून विचारावे. जाऊबाई आणि मी त्या दिवशी मुलांशिवाय एका मोठ्या पाळण्यात बसलो. लग्नाला अठरा वर्षे झाल्यावर आम्ही दोघी मिळून इतक्या मोठ्याने ओरडलो, याचे आम्हालाच नवल वाटले. सासूबाई लहान मुलांच्या आगगाडीत दोन फेऱ्या बसल्या. उतरताना म्हणाल्या, “भुसावळच्या गाडीत यापेक्षा जास्त धक्के बसायचे.”

साडेचारला आम्ही बाहेर पडलो. उद्यान अजून तीन तास उघडे होते आणि मुलांच्या काही खेळांच्या रांगा रिकाम्या दिसत होत्या. पूर्वीच्या भाषेत सांगायचे, तर तिकीट पुरते वसूल झाले नव्हते. वाटेवरील एका तीर्थाच्या भोजनशाळेत फोन करून चौदा ताटे सांगून ठेवली होती. जानेवारीच्या शेवटी सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. साडेपाचला सगळे पंगतीत बसलो आणि सासूबाई सावकाश, पोटभर जेवल्या. दर्शन घेऊन निघालो, तेव्हा मुले गाडीत बसताच झोपली. या वेळी बाबूजींनी कागद काढला नाही. मुलांनीच काढला. सगळ्यात जास्त आकडा सहा होता आणि सगळ्यात कमी दोन. शून्य कोठेच नव्हते.

या दोन दिवसांत पैसा जवळपास सारखाच गेला. मग फरक कशाचा पडला, याचा विचार केला तर एकच गोष्ट हाती लागते. पहिल्या खेपेस दिवसाची आखणी सर्वांत जोरात धावणाऱ्याच्या पायांनी झाली होती, दुसऱ्या खेपेस ती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी झाली. जोरात धावणाऱ्याचे त्यात फारसे काही गेले नाही. नऊचे सहा झाले, एवढेच, आणि त्या सहांची आठवण त्याला नऊंपेक्षा अधिक आहे, कारण त्या रात्री गाडीत कोणी घाबरून बसलेले नव्हते.

आपल्या पूर्वजांनी संघयात्रा काढल्या, तेव्हा बैलगाड्यांच्या तांड्याचा वेग सर्वांत तरण्या बैलावर ठरत नसे. वृद्ध, आजारी आणि लहान मुले ज्या गाडीत असत, तिच्या चालीने मुक्काम पडत. सूर्य मावळण्याआधी पाणी कोठे मिळेल, हे निघण्यापूर्वी पाहिले जाई. यात्रेचे ठिकाण बदलले म्हणून ही रीत सोडण्याचे कारण नाही. ती उलट आता अधिक लागते, कारण तीर्थावर आपल्याला थांबवणारे असतात आणि थीम पार्कमध्ये सारे काही पुढे ढकलणारे असते.

येत्या दिवाळीत अनेक घरांत पुन्हा हा लकडा लागेल. मुलांना जरूर न्यावे. त्यांचा आनंद खरा असतो आणि ती वये परत येत नाहीत. मात्र तिकिटे काढण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारावे, की पाणी कधी लागेल, जेवण कधी लागेल, किती चालवेल. त्या बहुधा “माझे काही नाही” असे म्हणतील. त्या उत्तरावर विसंबू नये. मग घरातील गृहिणीला विचारावे, की तिला कोणत्या खेळात बसायचे आहे. तिला उत्तर सुचायला थोडा वेळ लागेल, कारण हा प्रश्न तिला पूर्वी कोणी विचारलेला नसेल. तेवढा वेळ थांबावे, आणि ती जे सांगेल, ते यादीत सर्वांत वर लिहावे.